वाडीतील पारवा : भक्ष्याभक्ष्यविचारातील ‘चर’ या कसोटीचा इतिहास

पारवा खावा की खाऊ नये, हा प्रश्न संशोधनपत्रिकेच्या पानांवर यावा इतक्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. तो माझ्यापुढे आला तोही ग्रंथालयात नव्हे, तर वर्गात. कळंबोलीच्या जुन्या गावठाणात राहणाऱ्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने व्युत्पत्तीच्या तासानंतर काहीसे संकोचून विचारले : “वडिलांना लकव्याचा झटका आला आहे. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, रानपारव्याचा रस्सा द्या आणि ताजे रक्त हातापायांना चोळा. पारवे आमच्या वाडीतच आहेत. सर, ते खाण्याजोगे असतात का?” वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, आणि तसे मी त्यास सांगितले. तथापि त्याच्या बोलण्यात ‘लकवा’, ‘रान’, ‘पारवा’ आणि ‘वाडी’ असे चार शब्द होते, आणि या चारही शब्दांना इतिहास आहे. तो नीट उलगडून पाहिला तर मूळ प्रश्नाचे उत्तरही बव्हंशी हाती येते, असे माझे मत झाले आहे. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला प्रयत्न होय.

प्रथम ‘पारवा’ हा शब्द घेऊ. संस्कृत ‘पारावत’ किंवा ‘पारापत’ यापासून तो आला, याविषयी दुमत नाही. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘पारावओ’ आणि ‘पारेवओ’ अशी दोन्ही रूपे नोंदविली आहेत. पहिल्याचे अपत्य मराठी ‘पारवा’, दुसऱ्याची गुजराती ‘पारेवुं’ आणि हिंदी ‘परेवा’ ही अपत्ये. ‘कपोत’ हा त्याहून जुना शब्द. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो निर्ऋतीचा दूत म्हणून येतो, आणि कपोत घरात शिरला असता करावयाच्या होमाचे विधान आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात आहे. म्हणजे अगदी आरंभीच्या काळात या पक्ष्याने घराचा उंबरठा ओलांडणे ही आपत्तीची खूण होती. पुढे तोच पक्षी घराच्या वळचणीचा कायमचा रहिवासी झाला, आणि तेव्हापासून त्याच्या खाद्यतेच्या चर्चेत ‘तो कोणत्या जातीचा’ यापेक्षा ‘तो कोठे राहतो’ हा मुद्दा वरचढ ठरत गेला.

धर्मशास्त्रकारांनी हा मुद्दा थोडक्यात निकालात काढला आहे. मनूच्या आणि याज्ञवल्क्याच्या वर्ज्य पक्ष्यांच्या याद्यांत मांसभक्षक पक्ष्यांबरोबरच सरसकट ‘ग्रामवासी’ पक्षी येतात. त्यात कोण कोण मोडतात हे सांगताना टीकाकारांच्या लेखणीतून प्रथम उतरते ते पारावताचेच नाव. या टीकाकारांपैकी विज्ञानेश्वर आपल्या विशेष जवळचा. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळी (इ.स. १०७६–११२६) लिहिलेली त्याची मिताक्षरा महाराष्ट्रात पुढे कित्येक शतके प्रमाणग्रंथ मानली गेली. निषेधाचे कारण मात्र हे ग्रंथ देत नाहीत. ग्रामवासी पक्षी उकिरड्यावर, सांडपाण्यावर आणि माणसाच्या उष्ट्यावर जगतो, एवढे कारण सांगण्याची त्यांना गरज वाटली नसावी.

येथे एक आक्षेप संभवतो. शिबी राजाने ससाण्यापासून वाचविलेला कपोत, शांतिपर्वात भुकेल्या पारध्यासाठी अग्नीत उडी घेणारा कपोत, भागवताच्या अकराव्या स्कंधातील चोवीस गुरूंपैकी एक असलेला आणि एकनाथांनी मराठीत आणलेला कपोत : या सर्व कथा करुणेच्या आहेत, तेव्हा हा पक्षी आपल्याकडे खाल्लाच जात नसावा, असे कोणी म्हणेल. मला याच्या उलट वाटते. या प्रत्येक कथेत पारधी आहे, जाळे आहे किंवा ससाणा आहे. पारवा हे सर्रास कोणाचे तरी अन्न असल्याखेरीज या कथांना आधारच उरत नाही. करुणेची कथा रचणाऱ्याने भक्षणाची चाल गृहीत धरली आहे, एवढेच त्यांतून सिद्ध होते.

महाभारतातीलच एक तपशील मात्र आपल्या विषयाला थेट भिडतो. कुरुक्षेत्रातील ज्या निर्धन ब्राह्मणाच्या सातूच्या पिठाची कथा मुंगुस युधिष्ठिराला ऐकविते, त्या ब्राह्मणाच्या उपजीविकेला ‘कापोती वृत्ती’ म्हटले आहे : शेतात, खळ्यावर सांडलेले दाणे वेचून जगणे. पारव्याचे सारे जीवन या एका संज्ञेत सामावलेले आहे. तो स्वतः काही मिळवीत नाही. जे सांडते ते वेचतो. तेव्हा त्याच्या देहात काय साठेल, हे जमिनीवर काय सांडले आहे यावर ठरणार.

वैद्यकशास्त्राने याच जागी आपली कसोटी रोवली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात आहारद्रव्यांचे गुण सांगताना चोचीने टोचून खाणाऱ्या, म्हणजे ‘प्रतुद’, पक्ष्यांच्या वर्गात कपोत आणि पारावत यांची गणना आहे. त्याच अध्यायात गृहवासी कपोत आणि वनवासी कपोत यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. गृहवासी कपोत शीत आणि रक्तपित्ताचा नाश करणारा. वनवासी त्याहून किंचित हलका, शीत, मलाचा संग्रह करणारा आणि मूत्र अल्प करणारा. सुश्रुतानेही पारावत रक्तपित्तशामक म्हटला आहे, पण तो पचनास जड ठरविला आहे. हे गुणवर्णन आजच्या प्रयोगशाळेत कितपत टिकेल हा प्रश्न निराळा. आपल्याला महत्त्वाचे आहे ते असे की, राहण्याची जागा बदलताच गुण बदलतात, ही धारणा येथे स्पष्ट शब्दांत आली आहे.

याच अध्यायाच्या उत्तरार्धात मांसाची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी हे सांगितले आहे. शरीराचा अवयव, स्वभाव, धातू, लिंग, प्रमाण, संस्कार, मात्रा या सर्व गोष्टी त्या यादीत आहेत. पण अग्रस्थान आहे ते ‘चर’ या कसोटीला. ‘चर’ म्हणजे काय याचा खुलासाही तेथेच आहे. प्राणी कोठे वावरतो – पाणथळीत, पाण्यात, आकाशात की कोरड्या प्रदेशात – आणि तेथे तो काय खातो, हे दोन्ही मिळून ‘चर’. भाषेच्या अभ्यासकास येथे थांबावेसे वाटते. मराठीतील ‘चरणे’ या क्रियापदाने यातला खाण्याचा अर्थ राखला, ‘चारा’ हा शब्द त्यातूनच. ‘संचार’, ‘विचरण’ या तत्सम शब्दांत फिरण्याचा अर्थ राहिला. दोहोंची मूळ एकवाक्यता आपण विसरलो आहोत. जो जेथे फिरतो तेच तो खातो, हे त्या धातूच्याच पोटात होते.

याला जोडून त्याज्य मांसाची एक यादी येते. आपोआप मेलेला, कृश, अतिमेदस्वी, वृद्ध, फार कोवळा, विषाने मेलेला, हिंस्र श्वापदाने मारलेला. आणि यांच्याच पंक्तीत ‘अगोचरभृत’. आपल्या नैसर्गिक चरण्याच्या प्रदेशाबाहेर पोसला गेलेला, असा त्याचा अर्थ. आज मराठीत ‘अगोचर’ हे विशेषण आपण नको तेथे जाणाऱ्या, नको ते करणाऱ्या पोरासाठी वापरतो. चरकाच्या अर्थापासून हा घरगुती अर्थ वाटतो तितका दूर नाही.

आता ‘लकवा’ या शब्दाकडे वळू. पारव्याचे मांस ‘गरम’ असते आणि म्हणून ते लकव्यावर चालते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे आणि ती आयुर्वेदाची मानली जाते. पण वर पाहिल्याप्रमाणे चरकाने कपोत, गृहवासी असो वा वनवासी, शीत सांगितला आहे. आणि त्या स्थळी पक्षाघाताचा उल्लेखही नाही. मग ही उष्णता आली कोठून? माझ्या मते ती दुसऱ्याच परंपरेतून आली. युनानी वैद्यकात पारव्याचे मांस उष्ण प्रकृतीचे गणले जाते, आणि ‘फालिज’ व ‘लकवा’ हे विकार कफाच्या थंड आणि ओलसर प्रकृतीतून उद्भवतात असे मानले जाते. थंडावर उष्णाचा उतारा, या न्यायाने पारवा त्या रुग्णांच्या पथ्यात आला. शब्दांची साक्ष हेच सांगते. ‘लकवा’ हा अरबी शब्द असून मूळ अर्थ चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे एवढाच. मराठीत तो साऱ्या अर्धांगवायूला लागू झाला. ‘कबूतर’ हा फारसी. पाळलेल्या, उडविण्याच्या, जातिवंत पक्ष्याला हा शब्द दरबारी हौसेबरोबर रूढ झाला. अकबराच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबूतरे होती अशी नोंद आईन-ए-अकबरीत आहे. रोगाचे नाव आणि औषधाचे नाव एकाच वाटेने आले, तर त्यांना जोडणारी समजूतही त्याच वाटेने आली असावी, हे अनुमान गैरवाजवी नव्हे. तिला देशी आधार मिळाला तो बहुधा ‘पक्षाघात’ या शब्दाचा. ‘पक्ष’ म्हणजे बाजू; पण ‘पक्ष’ म्हणजे पंखही. पंखवाल्याने पक्षाघात बरा करावा, हे लोकमानसाला पटण्यास फारसा वेळ लागला नसेल.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन झटका आला असेल, तर गुठळी विरघळविणारे औषध देण्याची मुदत आज सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांची आहे. ते द्यावे की नाही हे मेंदूचे छायाचित्र घेतल्यानंतरच ठरते, म्हणजे रुग्णालय गाठावेच लागते. त्या साडेचार तासांतला एक तास जर गलोल घेऊन वाडीत पारवा शोधण्यात गेला, तर या शब्दांच्या प्रवासाची किंमत एका माणसाच्या उजव्या हाताने चुकती होते.

तिसरा शब्द ‘रान’. अरण्य, मग प्राकृतातील ‘रण्ण’, मग ‘रान’, ही मालिका सर्वपरिचित आहे. पण मराठीत या शब्दाने दोन अंगे धरली. देशावर ‘रानात गेला’ म्हणजे शेतात गेला. आणि समासाच्या पूर्वपदी आला की तो पावित्र्याचा आणि पौष्टिकतेचा एक गंध घेऊन येतो : रानमेवा, रानभाजी, रानमध. ‘रानपारवा’ हा समास त्याच गंधावर चालतो. वस्तुतः ज्याला आपण रानपारवा म्हणतो त्याचा रानाशी संबंध फार थोडा. निळा पारवा, शास्त्रीय नावाने कोलुंबा लिव्हिया, हा मूळचा कड्याकपारींचा पक्षी. आपल्याकडे तो किल्ल्यांच्या भिंती, लेणी, देवळांची शिखरे आणि जुन्या विहिरींचे कोनाडे यांत राहत आला. झाडावर वस्ती करणे त्याच्या स्वभावात नाही. झाडावर राहून वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगणारा तो हरियल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. त्याचा ‘चर’ खरोखर रानातला. होले आणि कवडे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. तात्पर्य, ‘रानपारवा’ यातील ‘रान’चा अर्थ ‘रानात वाढलेला’ असा नसून ‘कोणाच्या मालकीचा नसलेला’ एवढाच आहे. घरच्या मंडळींचा विश्वास पहिल्या अर्थावर बसलेला असतो, आणि हाती येतो तो दुसऱ्या अर्थाचा पक्षी.

उरला ‘वाडी’. कोकणात वाडी म्हणजे नारळीपोफळीची बाग आणि वाडी म्हणजे वस्तीही. ‘वाटिका’ या शब्दाने दोन्ही ओझी वाहिली आहेत. चरकाच्या गृहवासी आणि वनवासी या दोन कप्प्यांपैकी वाडीतला पारवा कोणत्या कप्प्यात टाकावा? पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कळंबोलीत या प्रश्नाला काही जागा होती. गावाच्या नावातच झाड आहे : ‘कळंब’ आणि ‘पल्ली’चे झिजलेले रूप ‘ओली’, जसे ते इतर कित्येक ग्रामनामांत दिसते. भोवती भाताची खाचरे, खारजमिनी, पलीकडे कर्नाळ्याचे जंगल; त्याचे पक्षी-अभयारण्य १९६८ मध्ये झाले. त्या खाचरांत सांडलेला भात वेचणारा पारवा अगदी वनवासी नसला तरी त्याची कापोती वृत्ती निर्धोक होती.

सन १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईच्या आखणीत कळंबोली हा एक विभाग ठरला. आज येथे लोखंड-पोलादाचा बाजार आहे, मालमोटारींचे तळ आहेत, गोदामे आहेत, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टोक आहे आणि शेजारीच तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. पारव्याच्या दृष्टीने पाहिले तर हे शहर म्हणजे कडेच कडे. प्रत्येक सज्जा ही एक कपार. गावठाणातील वाडीत तो दुपारी दिसतो हे खरे, पण सकाळचे त्याचे चरणे गोदामाच्या फलाटावर, हमरस्त्याच्या कडेला आणि गटाराच्या काठी झालेले असते. त्या जमिनीवर काय सांडते हे पाहण्यास एकच उदाहरण पुरेसे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा परिसरात निळ्या रंगाचे भटके कुत्रे दिसू लागले. कासाडी नदीत अन्नाच्या शोधात उतरलेल्या त्या कुत्र्यांच्या अंगाला कारखान्यातून सोडलेला रंग लागला होता, असे पुढे निष्पन्न झाले. कुत्र्याच्या केसावर रंग चढला म्हणून तो आपल्याला दिसला. पारवा उपजतच निळा. त्याच्यावर काही चढले तरी दिसणार नाही.

धोके दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. पहिला जंतूंचा. पारव्यांत आढळणाऱ्या साल्मोनेला जंतूंमुळे अन्नविषबाधा होते, आणि क्लॅमिडिया सिटॅसी या जंतूमुळे माणसाला फुप्फुसदाह होऊ शकतो. ‘नीट शिजविले की झाले’ हे घरातील उत्तर या वर्गापुरते बरेचसे खरे आहे. पुरेशा उष्णतेने हे जंतू मरतात. परंतु दुसऱ्या जंतूची लागण खाण्यातून होत नाही, ती वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून श्वासावाटे होते. म्हणजे येथे धोका रस्सा पिणाऱ्या रुग्णाला कमी आणि पिसे उपटणाऱ्या गृहिणीला अधिक. कबूतरखान्यांविषयी २०२५ मध्ये मुंबईत जो वाद पेटला, दादरचा कबूतरखाना झाकला गेला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले, त्याच्या मुळाशीही हाच श्वासाचा प्रश्न होता. त्याच वर्षी जानेवारीत कळंबोलीहून फार दूर नसलेल्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. पारव्याला त्या विषाणूची बाधा तुलनेने कमी होते, एवढे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण मरगळलेला, सहज हाती लागलेला पक्षी चुलीपर्यंत नेऊ नये हा जुना दंडक त्यामुळे सैल होत नाही. सहज हाती लागतो तो बहुधा आजारीच असतो.

दुसरा प्रकार विषांचा, आणि त्यावर चुलीचा काही इलाज चालत नाही. गोदामांभोवती उंदरांसाठी धान्यात कालवून ठेवलेले झिंक फॉस्फाइड किंवा रक्त गोठू न देणारी औषधे पारव्याच्या वेचण्यात येऊ शकतात. धान्य दळण्यासाठी हा पक्षी बारीक खडे गिळतो, आणि रस्त्याच्या कडेच्या खड्यांबरोबर शिशाचे कणही त्याच्या पोटात जातात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले की, ज्या वस्त्यांतील पारव्यांच्या रक्तात शिसे अधिक, त्या वस्त्यांतील मुलांच्या रक्तातही ते अधिक आढळण्याचे प्रमाण जास्त होते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, पण मातीत बसलेले शिसे आदेशाने उठत नाही. खाणाऱ्या पक्ष्याला न बाधणारे विष त्याला खाणाऱ्यास बाधू शकते, हेही ध्यानात ठेवावे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विषारी झुडपांच्या बिया खाणारे काही जातींचे पारवे स्वतः सुखरूप असतात, पण त्यांचे अवशेष खाल्लेले कुत्रे मरतात.

इतर देशांत पारवा आवडीने खातात, हा युक्तिवाद त्या विद्यार्थ्यानेही केला. ते खरे आहे. इजिप्तमध्ये भरलेला पारवा हा मानाचा पदार्थ आहे, आणि फ्रान्समध्ये कबूतरांचे मनोरे बाळगण्याचा जमीनदारांचा हक्क इतका जाचक झाला होता की ऑगस्ट १७८९ मध्ये क्रांतिकारक सभेने तो रद्द केला. पण तेथे खाल्ला जातो तो प्रायः पाळलेला कोवळा पक्षी, ज्याच्या चाऱ्याचा हिशेब कोणाकडे तरी असतो. ‘चर’ ठाऊक असणे हीच त्या भक्ष्यतेची अट आहे. अट सोडून पदार्थ तेवढा उचलता येत नाही.

कायद्याचा निर्देश येथे केला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत कपोतकुळातील पक्षी आले. निळा पारवा मात्र नावानिशी वगळला गेला. मनूने ज्याला ग्रामवासी म्हणून निषिद्ध केले त्यालाच आधुनिक कायद्याने ग्रामवासी म्हणून संरक्षणातून वगळावे, हा योगायोग मोठा मौजेचा. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने रचल्या गेल्या आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तेव्हा त्या जुन्या अपवादाच्या भरवशावर आज कोणी फासा लावू नये. हरियल, होला, कवडा यांच्या बाबतीत तर तशी मुभा मूळच्या कायद्यातही नव्हती.

त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले ते याहून पुष्कळच थोडके होते : वाडीतला पारवा चरकाच्या भाषेत ‘अगोचरभृत’ आहे, तो घरात आणू नका, आणि वडिलांना फिजिओथेरपी चुकवू देऊ नका. आजीची समजूत घालणे त्याला जड गेले. अखेरीस, चरकाने पारवा थंड म्हटला आहे, एवढ्या एका वाक्याने ते काम झाले. थंड वस्तू लकव्याच्या रोग्याला द्यायला ती तयार होईना. घरात रस्सा झाला तो कोंबडीचा. ती कोंबडी कोठे चरत होती, हे मी विचारले. तो हसला आणि म्हणाला की गावठाणातलीच होती, गटारापलीकडच्या घरची.